परीक्षण मधल्या सुट्टीचं

अमेरिकी शाळकरी मुलांवरचा विनोदी सिनेमा परीक्षणाला आला की तो बहुतेक वेळा तिच्याकडेच येतो. पुण्यातल्या एका मासिकात ती इंग्रजी चित्रपटांवर लिहिते. त्याआधी काही वर्षं एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवायची. संपादकांना वाटतं, मुलांचं हिला कळतं, शिवाय विषय हलकाफुलका, पान पटकन भरेल. पहिलं बऱ्यापैकी खरं आहे, दुसरं अजिबात नाही. युद्धपटावर किंवा चरित्रपटावर लिहिताना विषयाचं वजनच समीक्षकाचं अर्धं काम करून टाकतं. जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसलं, एवढ्यावर दीड तास उभा राहणारा सिनेमा चांगला की वाईट हे सांगताना असा टेकू मिळत नाही. तिथे बांधणी बघावी लागते, संवादाचा कान बघावा लागतो, आणि लिहिणाऱ्याने मुलं खरंच पाहिली आहेत की नाही हे ओळखावं लागतं.

फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून पुण्यात जो चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम घेतात, तो तिने केला आहे. डी सिका, कुरोसावा, राय यांच्या चित्रपटांकडे बघायला ती तिथे शिकली. कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा आहे, चौकटीबाहेर कोण ठेवलंय, कट नेमका कुठल्या श्वासावर पडलाय, हे प्रश्न तिथून तिच्या अंगवळणी पडले. हेच प्रश्न शाळेच्या कॉरिडॉरमधल्या विनोदालाही तितक्याच कसोशीने विचारायचे, हे तिने स्वतःच ठरवलं. आणि विचारायला लागल्यावर उत्तरं भरभरून मिळायला लागली.

या प्रकारच्या सिनेमाचं पहिल्या आठवड्यातलं मूल्यमापन किती डळमळीत असतं, याचं एक उदाहरण ती नेहमी देते. १९८२ साली ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ आला. कॅमेरॉन क्रो नावाचा तरुण पत्रकार सॅन दिएगोच्या एका हायस्कूलमध्ये विद्यार्थी बनून वावरला, त्यावर १९८१ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं आणि त्याच पुस्तकावरून पटकथा. दिग्दर्शन एमी हेकरलिंगचं, आणि हा तिचा पहिलाच मोठा चित्रपट. अमेरिकेतला नामवंत समीक्षक रॉजर इबर्ट याने त्याला एक तारा दिला. २००५ मध्ये तोच चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतनासाठी निवडला गेला. वर्षाला फक्त २५ चित्रपट तिथे घेतले जातात.

इबर्ट चुकला, असं ती यावरून म्हणत नाही. पंधरा वर्षांच्या स्टेसीला जे सोसावं लागतं ते बघून तो अस्वस्थ झाला होता, आणि त्या अस्वस्थतेला ती मान देते. तिचं म्हणणं वेगळं आहे. स्टेसी गर्भपातासाठी एकटी दवाखान्यात जाते. ज्या मुलाने सोबत यायचं कबूल केलं होतं तो येत नाही. ती बाहेर येते तेव्हा तिचा मोठा भाऊ ब्रॅड गाडीपाशी उभा असतो. त्याला खोटं सांगून ती आली होती, आणि ते त्याच्या लक्षात आलेलं असतं. तो रागावत नाही, उपदेश करत नाही. भूक लागलीय का, विचारतो. इतका उथळ समजला गेलेला सिनेमा इथे क्षणभर थांबतो आणि भाऊ म्हणून कसं वागावं ते दाखवून लगेच पुढे निघून जातो. असे थांबे शोधणं हे तिच्या मते समीक्षकाचं खरं काम आहे, कारण विनोदाच्या वेगात ते सहज निसटतात.

मराठी वाचकांसाठी लिहिताना तिच्यापुढे आणखी एक अडचण असते. अमेरिकी हायस्कूल आपल्या शाळेसारखं चालत नाही. आपल्याकडे वर्ग जागेवर आणि शिक्षक फिरते. घंटा झाली की बाई जातात, सर येतात. मुलं बाकावरून हलत नाहीत, आणि तो बाकही बहुधा वर्गशिक्षकांनीच ठरवून दिलेला. तिथे खोली शिक्षकाची आणि फिरायचं मुलांनी. नववी ते बारावी अशी चार वर्षांची, चौदा ते अठरा वयाची मुलं एकाच इमारतीत दर तासाला या खोलीतून त्या खोलीत जातात. गणवेश नाही, म्हणून रोज सकाळी कपड्यांचा निर्णय. सोळाव्या वर्षी गाडीचा परवाना, म्हणून गाडी कुणाकडे आहे हाही मानाचा मुद्दा. या सिनेमांत लॉकर आणि कॉरिडॉर इतके का दिसतात याचं उत्तर या वेळापत्रकात आहे: दोन तासांमधली ती काही मिनिटंच मुलांची स्वतःची असतात. आणि कोणी कुठे बसायचं हे दिवसातून एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, मुलं स्वतः ठरवतात. म्हणून सगळं राजकारण जेवणाच्या टेबलावर. हे एकदा वाचकाला सांगितलं की पुढचं परीक्षण त्याला आपोआप कळतं. न सांगता लिहिलं तर त्याला वाटतं, ही श्रीमंत पोरं खुर्चीवरून का भांडतायत?

२०२४ मध्ये ‘मीन गर्ल्स’ची संगीतमय आवृत्ती आली तेव्हा मासिकाने तिला २००४ चा मूळ चित्रपट आणि नवा, दोन्हींवर एकत्र लिहायला सांगितलं. त्या लेखाच्या तयारीत तिला या प्रकाराबद्दल जितकं उमगलं तितकं आधी कधी उमगलं नव्हतं.

मूळ चित्रपट मार्क वॉटर्सने दिग्दर्शित केला, पटकथा टीना फेची. आधार होता रोझलिंड वाइझमन यांच्या २००२ च्या ‘क्वीन बीज अँड वॉनाबीज’ या पुस्तकाचा. ते पुस्तक कादंबरी नाही. किशोरवयीन मुलींच्या गटांत सत्ता कशी फिरते हे पालकांना समजावून सांगणारं ते पुस्तक आहे. त्यात नायिका नाही, खलनायिका नाही, शेवट नाही. फेने त्या निरीक्षणांभोवती गोष्ट स्वतः रचली: आफ्रिकेत प्राणिशास्त्रज्ञ आईबापांबरोबर वाढलेली, कधी शाळेत न गेलेली केडी सोळाव्या वर्षी शिकागोजवळच्या हायस्कूलात येते. सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे १३ कोटी डॉलर मिळवले. पण लेखात हे आकडे तिने एका ओळीत संपवले. कारण तिला लिहायचं होतं पहिल्या दिवसाबद्दल.

पहिल्या दिवशी केडी जेवणाचा ट्रे घेऊन उभी राहते. कुठल्याच टेबलावर तिला जागा नसते. मग ती स्वच्छतागृहात जाऊन, आतून कडी लावून, तिथे बसून जेवते. प्रेक्षागृहात यावर हसू येतं. शाळेत नोकरी करताना तिने पाण्याच्या टाकीमागे उभ्याने डबा संपवणारी मुलगी पाहिली होती, त्यामुळे तिला या दृश्यात हसू येण्याआधी गलबलून आलं. तरीही दृश्य विनोदी आहे आणि ते तसंच असायला हवं, असं तिने लिहिलं. ते काही सेकंदांत संपतं, पार्श्वसंगीत करुण होत नाही, केडी रडत नाही. दुसऱ्या दिवशी जेनिस नावाची मुलगी तिला जेवणघराचा हाताने काढलेला नकाशा देते, कुठल्या टेबलावर कुठली जमात बसते याचा. दुःख आधी, शास्त्र नंतर. हा क्रम उलटा असता तर नकाशा हा नुसता विनोद राहिला असता. आता तो जगण्यासाठी लागणारा कागद होतो.

मग तो फोनचा प्रसंग. शाळेची राणी रेजिना केडीला फोन करते. ग्रेचनने तुझं गुपित मला सांगितलं, असं सांगून विचारते, तुला तिचा राग आला का? केडी सावध आहे, नाही म्हणते. रेजिना आणखी थोडी ढील देते: वाईटच वागली ना ती? केडी जरा सैल होते आणि म्हणून जाते की तिला लोकांचं लक्ष हवं असतं, म्हणून केलं असेल. आणि रेजिना शांतपणे तिसऱ्या माणसाशी बोलते: बघ ग्रेचन, ती रागावलेली नाही. ग्रेचन सगळा वेळ लाइनवर होती.

हा प्रसंग तिने पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. त्यात आरडाओरडा नाही, कुणी कुणाला पाडत नाही. पडद्याचे भाग पाडून बोलणाऱ्या मुली दाखवल्या आहेत, आणि ऐकणारी तिसरी मुलगी नेमकी कधी दाखवायची यावर सगळा डाव आहे. आधी दाखवली असती तर आपल्याला केडीची काळजी वाटली असती आणि विनोद गेला असता. शेवटी दाखवल्यामुळे सापळा केडीबरोबर आपल्यावरही पडतो. वाइझमन यांच्या पुस्तकातलं निरीक्षण इथे दृश्य झालं: मुलींच्या गटात हल्ला हा मैत्रीच्या भाषेत होतो. समीक्षकाने ‘पटकथा चुरचुरीत आहे’ असं लिहून पुढे जाणं म्हणजे या कारागिरीवर अन्याय आहे, असं तिला मनापासून वाटतं.

हा चित्रपट तिने नववीतल्या भाचीबरोबर पुन्हा पाहिला. असे सिनेमे एकदा तरी त्या वयाच्या मुलांसोबत बघायचे, हा तिचा शिरस्ता आहे. फोनवर तीन जणांना एकत्र जोडायची ती जुनी सोय भाचीने कधी वापरलेली नव्हती. प्रसंग संपल्यावर ती म्हणाली, “मावशी, हे तर स्क्रीनशॉटसारखं आहे. एकीशी चॅट करायचं, तिच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं आणि ते दुसरीला पाठवायचं.” थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाली, “फक्त हे जास्त डेंजर आहे. इथे ती लगेच ऐकतेय.” हे वाक्य तिने लेखात तसंच्या तसं घेतलं. तंत्र जुनं झालं तरी प्रसंग जुना झाला नाही, याचा याहून चांगला पुरावा तिला सापडला नसता. २०२४ च्या आवृत्तीत मोबाइलवरचे उभे व्हिडिओ पडदाभर येतात, एकामागून एक, आणि मुलांचं आजचं जग म्हणून ते बरोबरच आहे. पण त्या गर्दीत कुणीतरी गप्प राहून ऐकतंय ही भीती पातळ होते. तिला जुनी मांडणी जास्त धारदार वाटली, आणि कारणासकट तिने तसं लिहिलं.

गुणांबरोबर दोषही लिहावे लागतात, आणि ‘मीन गर्ल्स’मध्ये ते आहेत. आफ्रिका म्हणजे एकच एक जंगली मुलूख, अशी त्यातली समजूत आळशीपणाची आहे. खेळाच्या प्रशिक्षकाचे अल्पवयीन विद्यार्थिनींशी संबंध असल्याचं उघड होतं आणि चित्रपट त्यावर हशा मिळवून निघून जातो. त्या मुली कोण, त्यांचं काय झालं, याची त्याला फिकीर नाही. माजी शिक्षिका म्हणून हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. तिने त्यावर एक पूर्ण परिच्छेद लिहिला. ‘एवढ्या छान सिनेमात तेवढंच कशाला?’ असं कुणी विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं आहे: छान सिनेमा आहे म्हणूनच. मुलं तो परत परत बघतात.

याच चित्रपटात केविन नापूर आहे, गणिताच्या चमूचा कप्तान, भारतीय वंशाचा मुलगा. ती भूमिका करणारा राजीव सुरेंद्र हा कॅनडातला तमिळ वंशाचा नट. केविन स्वतःवर बेहद्द खूश आहे, नाताळच्या कार्यक्रमात रॅप गातो, आणि हसू येतं ते त्याच्या आत्मविश्वासामुळे. त्याच्या उच्चारांची किंवा घरच्या जेवणाची थट्टा होत नाही. हा फरक कळायला जॉन ह्यूजचा १९८४ चा ‘सिक्स्टीन कँडल्स’ शेजारी ठेवून बघावा लागतो. त्यात लाँग डक डाँग नावाचा आशियाई विद्यार्थी येतो, आणि तो पडद्यावर आला की घणघण घंटानाद होतो. तो काय बोलतो याआधीच त्याच्यावर हसायचं ठरलेलं आहे. त्याच चित्रपटात नायक आपल्या दारूच्या नशेत शुद्ध हरपलेल्या मैत्रिणीला दुसऱ्या मुलाच्या हवाली करतो, आणि हाही विनोद म्हणून येतो.

ह्यूजवर लिहिणं तिला सगळ्यात कठीण जातं, कारण तिला तो आवडतो. ‘द ब्रेकफास्ट क्लब’ १९८५ चा. शनिवारी शिक्षा म्हणून शाळेच्या ग्रंथालयात बसवलेली पाच मुलं, आणि ‘मी कोण आहे’ यावर हजार शब्दांचा निबंध लिहायचा. इलिनॉयमधल्या बंद पडलेल्या एका शाळेत हा चित्रित झाला; ग्रंथालय म्हणजे तिथल्या व्यायामशाळेत उभारलेला सेट होता. चित्रीकरण बरंचसं कथेच्या क्रमानेच झालं, आणि ते दिसतं: सकाळी एकमेकांकडे न बघणारी मुलं दुपारी जमिनीवर गोल करून बसतात तेव्हा त्यांच्या अंगातला ताण खरोखर उतरलेला असतो. मोठ्यांच्या जगात विनोदी म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांच्या बोलण्याला इतका वेळ, इतकी शांतता देणारा दिग्दर्शक त्या काळात दुर्मीळ होता. हे सगळं तिने लिहिलं आहे. आणि त्यापुढे हेही: ॲलिसन या अबोल, विचित्र मुलीला शेवटी नटवून-थटवून सुंदर केलं जातं, मगच खेळाडू मुलगा तिच्याकडे बघतो. आणि चौघांच्या जोड्या जमतात तेव्हा हुशार ब्रायन सगळ्यांचा निबंध एकटा लिहीत बसतो. दिवसभर साच्यांविरुद्ध बोलून चित्रपट शेवटच्या दहा मिनिटांत साच्यांकडेच परततो, हे तिचं मत गेल्या कित्येक वर्षांत बदललेलं नाही.

ह्यूजच्या या दोन्ही चित्रपटांची नायिका मॉली रिंगवॉल्ड हिने २०१८ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये एक लेख लिहिला. ‘ब्रेकफास्ट क्लब’ आपल्या मुलीबरोबर बघताना तिला स्वतःच्या पात्राला होणारा त्रास नव्याने दिसला. ह्यूजने आपल्याला काय दिलं आणि त्याच्या नजरेतून काय सुटलं, दोन्ही तिने एकाच लेखात, प्रेमाने आणि न कचरता मांडलं. समीक्षा कशी असावी असं कुणी नव्या मुलाने विचारलं की पुण्याची ही समीक्षक हा लेख वाचायला सांगते. एका नटीने लिहिलेली ही समीक्षा तिला व्यावसायिक समीक्षकांच्या पुष्कळ लेखनापेक्षा मोलाची वाटते.

एमी हेकरलिंगकडे परत यायला हवं, कारण या प्रकारातला तिचा सर्वांत लाडका चित्रपट हेकरलिंगचाच आहे: १९९५ चा ‘क्लूलेस’. जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही १८१५ ची कादंबरी उचलून बेव्हर्ली हिल्सच्या हायस्कूलात आणलेली. आपल्याकडे त्याच वाटेने २०१० मध्ये ‘आयेशा’ हा हिंदी चित्रपट आला, दिल्लीच्या श्रीमंत घरांतला. दोन्ही बघितले की रूपांतरात नेमकं काय उचलायचं असतं ते कळतं. हेकरलिंगने कपडे आणि बंगले तर दाखवलेच, पण त्याआधी एमाचा स्वभाव उचलला: दुसऱ्यांचं भलं आपल्यालाच कळतं, हा तिचा गोड गैरसमज.

सुरुवातीचाच प्रसंग घ्या. शेर नावाच्या या मुलीला प्रगतिपुस्तकात कमी गुण मिळतात. वडील वकील, त्यामुळे गुण हे वाटाघाटीने वाढवायचे असतात असं तिला प्रामाणिकपणे वाटतं. एक शिक्षक काही केल्या बधत नाहीत. मग शेर आणि तिची मैत्रीण ठरवतात की या एकट्या, चिडचिड्या सरांचं दुसऱ्या एका विस्कटलेल्या बाईंशी जुळवून द्यायचं. कॉफीचा थर्मास सरांच्या हाती जातो, बाईंचं रूप जरा नीटनेटकं केलं जातं, आणि हळूहळू ती दोन माणसं खरोखरच एकमेकांना आवडू लागतात. सगळ्या वर्गाचे गुण वाढतात. स्वार्थातून सुरू झालेलं काम चांगुलपणात संपतं आणि शेरला त्याची चटक लागते. पुढची सगळी गोष्ट या चटकेतून निघते. ऑस्टिनची अख्खी रचना त्या थर्मासभोवती उभी राहिली आहे. शिवाय शिक्षक हे इथे माणसं आहेत. बहुतेक शाळकरी विनोदी सिनेमांत शिक्षक एक तर हिटलर असतो नाही तर बावळट. त्यांना घरी जायचं असतं, एकटं वाटत असतं, हे फार थोड्यांना सुचतं. स्टाफरूममध्ये वर्षं काढलेल्या माणसाला हे पाहून बरं वाटणारच, पण तिने ते लेखात गुण म्हणून मांडलं ते कथेच्या हिशेबाने: शिक्षक खरे झाले की मुलंही खरी होतात.

नटांच्या वयाकडेही ती बघते. ‘मीन गर्ल्स’ बनला तेव्हा लिंडसे लोहान सतरा वर्षांची होती आणि रेजिना झालेली रेचल मॅकॲडम्स पंचविशीची. इथे ते अंतर कामाला आलं. रेजिना बाकीच्या मुलींपेक्षा काहीशी मोठी, पोचलेली वाटते, तिचा दरारा पटतो. पण एरवी तिशीकडे झुकलेले देखणे नट वर्गात बसवले की बघणाऱ्या मुलांना स्वतःचं शरीर चुकीचं वाटायला लागतं. त्या दृष्टीने सुजय डहाकेचा ‘शाळा’ तिला मोलाचा वाटतो. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा, आणीबाणीच्या काळातला, नववीतल्या मुलांचा हा चित्रपट. त्यात मुलांच्या वयाचीच मुलं आहेत. तिथे ना लॉकर, ना नाचाचा कार्यक्रम. बाकं ठरलेली, मुलामुलींच्या रांगा वेगळ्या, आणि म्हणून सगळा रोमांच एका कटाक्षात किंवा शाळेच्या वाटेवर. अमेरिकी सिनेमात मुलं एकमेकांशी अखंड बोलतात. ‘शाळा’त एक वाक्य बोलायला अर्धा चित्रपट जातो. दोन्हीकडे विनोद आहे, आणि दोन्हीकडे तो त्या त्या शाळेच्या भिंतींतून आलेला आहे. ‘आपल्याकडे असे सिनेमे बनत नाहीत’ हे वाक्य म्हणूनच तिला मान्य नाही. आपली शाळा जशी, तसेच ते बनतात.

कामाच्या काही व्यावहारिक गोष्टीही आहेत. थिएटरात आपल्याकडे मध्यंतर होतं, दिग्दर्शकाने ते कुठेही योजलेलं नसताना. रहस्यपटाला त्याने फार बिघडत नाही. विनोदाचा मात्र ताल तुटतो, कारण पहिल्या तासात पेरलेलं वाक्य दुसऱ्या तासात उगवायचं असतं. म्हणून शक्य असेल तेव्हा ती चित्रपट घरी एकसलग पुन्हा बघते. पहिल्यांदा वहीशिवाय. दुसऱ्यांदा वही घेऊन, आणि तेव्हा ती नोंदवते ते हसू कुठे आलं आणि कुणाच्या जिवावर आलं. समोर गर्दी असलेला खेळ बघणंही आवश्यक असतं. एकट्याने बघितलेला विनोदी सिनेमा अर्धाच बघितलेला असतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न याहून अवघड. २०१८ मध्ये बो बर्नमचा ‘एट्थ ग्रेड’ आला. केला नावाची तेरा वर्षांची मुलगी, आठवीचा शेवटचा आठवडा. भूमिका करणाऱ्या एल्सी फिशरने चित्रीकरणाच्या थोडं आधीच स्वतः आठवी संपवली होती. तिच्या चेहऱ्यावरच्या मुरुमांना मेकअपने झाकलेलं नाही. केला इंटरनेटवर आत्मविश्वासाबद्दल सल्ले देणारे व्हिडिओ करते आणि शाळेत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. एका वाढदिवसाला पोहण्याच्या तलावाकाठी पोहोचल्यावर ती घाबरून आतल्या खोलीत थांबते, मग खांदे पाडून, पोहण्याच्या पोशाखात, सगळ्यांसमोरून चालत पाण्याकडे जाते. एखाद्या थरारपटात बॉम्बकडे जाणाऱ्या माणसावर रोखावा तसा कॅमेरा तिच्यावर रोखलेला आहे. त्या वयात ते अंतर तेवढंच मोठं असतं, आणि दिग्दर्शकाने ते कमी करून दाखवलेलं नाही. शाळकरी विनोदी सिनेमा तोलताना ती शेवटी याच गोष्टीकडे बघते: मुलाची अडचण त्याच्या मापाने मोजली आहे का, की मोठ्यांच्या मापाने.

अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. आठवीतल्या मुलीची गोष्ट आठवीतल्या मुली एकट्याने बघू शकत नव्हत्या. वितरक ए-ट्वेंटीफोरने मग ८ ऑगस्ट २०१८ ला देशाच्या पन्नासही राज्यांत एकेक मोफत खेळ ठेवला, वयाची अट न लावता. आपल्या सेन्सॉर बोर्डाने २०२४ पासून ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे केले, हे तिला योग्य दिशेचं पाऊल वाटतं. बारा वर्षांचं मूल आणि सतरा वर्षांचा मुलगा यांना एकाच खुणेखाली बसवणं तिला कधीच पटलं नव्हतं.

‘एट्थ ग्रेड’च्या परीक्षणाला जोडून तिने पालकांसाठी एक वेगळी चौकट लिहिली. त्यात कथा नव्हती, तारे नव्हते. भाषेत शिव्या आहेत. गाडीच्या मागच्या सीटवरचा एक प्रसंग आहे, त्यात वयाने मोठा मुलगा केलावर दबाव आणतो. केला नाही म्हणते, आणि नंतर माफीही तीच मागते. हा प्रसंग मुलीबरोबर बघण्याआधी आई-वडिलांनी एकदा स्वतः बघावा. तो आला म्हणून सिनेमा थांबवू नये, रिमोट हातात धरून बसू नये. माफी केलाने का मागितली, एवढा एकच प्रश्न नंतर कधीतरी जेवताना निघाला तर निघू द्यावा, आणि मुलगी बोलायला लागली तर तिला मध्ये तोडू नये. संपादकांनी जागेअभावी ही चौकट निम्मी करायला सांगितली. तिने परीक्षणातला बॉक्स ऑफिसचा परिच्छेद काढून दिला आणि चौकट पूर्ण छापून घेतली.